ऐकण्याची नोकरी

दवाखान्यातल्या मुलीनं मल्लिनाथ बिराजदारांच्या दंडावरच्या चकतीपुढं यंत्र धरलं, पडद्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, तुमचा सहभाग शून्य दाखवतंय. जरा बाजूला बसता का? आधी कामावरची माणसं सोडते."

मल्लिनाथांच्या तळहाताला पंचा गुंडाळला होता आणि तो लाल होत चालला होता. शेजारच्या यलगुलवारांचा कूलर दुरुस्त करून देताना त्याच्या पात्यानं तळवा उभा चिरला होता.

"अगं, रक्त थांबत नाहीये," त्यांची बायको सुवर्णा म्हणाली.

"मला दिसतंय हो काकू. पण यंत्र नाव पुढं घेतच नाही."

"मग माझ्या नावावर घे. मी कामावर आहे."

"जखम त्यांना झालीय ना?" मुलगी अगदी काकुळतीला येऊन म्हणाली.

"राहू दे गं सुवर्णा. बसू की. कुठं गाडी चुकायलीय आपली?" असं म्हणून मल्लिनाथ भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसले. परदेशी फिरायला जायचं म्हणून लस टोचून घ्यायला आलेला एक तरुण आत गेला. मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. टाके पडेपर्यंत दुपार झाली. एवढ्या वेळात मल्लिनाथ एका शब्दानं कुरकुरले नाहीत आणि सुवर्णाला तेच सोसवलं नाही. कारण हा माणूस मुळात गप्प बसणारा नव्हता. सोलापूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. अक्कलकोट, तुळजापूर, विजापूर, बार्शी. गाडी कुठलीही असो, ती त्यांच्या आवाजावर हलायची. अनोळखी माणसंही रस्त्यात थांबवून विचारायची, "तुम्ही ते स्टँडवरचे का हो?" पुढं बसगाड्या आपल्या आपण धावू लागल्या, प्रवाशांना वेळा हातातल्या फोनवर कळू लागल्या आणि नियंत्रण कक्षाला कुलूप लागलं.

या सगळ्याची सुरुवात पुण्याच्या एका प्रयोगशाळेत झाली होती, आणि खरं सांगायचं तर ती फार चांगल्या हेतूनं झाली होती.

डॉ. नलिनी पेंढारकर यांना एक साधा प्रश्न पडला होता. काम सुटलेली माणसं इतक्या लवकर का खचतात? खाणंपिणं तेच, घर तेच, तरी हृदय कमजोर होतं, स्मृती जाते. त्यांना रक्तात एक प्रथिन सापडलं. माणूस हा कळपात वाढलेला प्राणी. आपली कुणालाच गरज उरलेली नाही असं त्याला दीर्घकाळ वाटत राहिलं, तर शरीर जखम झाल्यासारखं वागू लागतं. अंगात मंद, न दिसणारी सूज धुमसत राहते. त्या धुमसण्याबरोबर वाढणारं हे प्रथिन. बाईंनी त्याला नाव दिलं 'उपेक्षिन'. मात्र कुणी आपल्यावर विसंबून आहे, मग ते मूल असो, आजारी शेजारी असो की गोठ्यातली गाय, असं झालं की काही आठवड्यांत उपेक्षिन उतरू लागायचं. दंडावर चिकटवायची एक चकतीही त्यांनी तयार केली. केसाहून बारीक सुयांनी ती त्वचेखालचा द्रव तपासायची आणि उपेक्षिनाचा आकडा सांगायची.

तोवर यंत्रांनी बहुतेक नोकऱ्या गिळल्या होत्या आणि दवाखाने खचलेल्या माणसांनी भरले होते. सरकारनं घाईघाईनं सहभाग कायदा आणला. प्रत्येक नागरिक समाजाच्या कामात सहभागी असला पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. पण कुणाची कुणाला किती गरज आहे हे मोजायचं कसं? आजीला नातू हवा आहे, याचा दाखला कोण देणार? नोकरी मात्र मोजता येते. म्हणून कायद्यात व्याख्या आली ती एवढीच: सहभाग म्हणजे नोंदवलेला रोजगार. पेंढारकरबाई एका मुलाखतीत म्हणाल्या, "मी गरज मोजली होती. तुम्ही हजेरी मोजताय." त्यांचं कुणी ऐकलं नाही. चकतीवर आता दोन आकडे येऊ लागले, उपेक्षिनाचा आणि रोजगाराचा. पहिला क्वचित एखादा डॉक्टर बघायचा. दुसरा सगळे बघायचे. तो शून्य असला की दवाखान्यात नंबर शेवटचा, प्रभागसभेत मत नाही आणि सोयरिकीच्या बोलण्यात पहिला प्रश्न तोच. यलगुलवारांचा कूलर थंड हवा द्यायला लागला होता, पण त्या आकड्यात त्याची नोंद होणार नव्हती.

सुवर्णाला नोकरी होती. कॉलेजात मराठी शिकवायचं काम गेल्यावर तिला सहभाग केंद्रात 'संवादरचनाकार' म्हणून घेतलं होतं. केंद्रातर्फे 'सोबतसेवा' चालायची. एकाकी माणसं फोन करत आणि केंद्राचे कर्मचारी त्यांचं ऐकून घेत. निदान बाहेर तसं सांगितलं जायचं. प्रत्यक्षात एकाकी माणसं केव्हाच यंत्रांशी बोलायला लागली होती. यंत्र कंटाळत नाही आणि मधेच पाणी प्यायला उठत नाही. फोन करणारे संपले आणि फोन घेणारे मात्र वाढत होते, कारण त्यांना नोकरी द्यायची होती. मग केंद्रानं फोन करणारी माणसंच घडवायला घेतली. सुवर्णा त्यांची गावं, आजारपणं, आठवणी, बोलायची लकब लिहून द्यायची आणि यंत्र त्या माणसाच्या आवाजात बोलायचं. फोन घेणाऱ्याला वाटायचं, पलीकडं कुणीतरी आपली वाट बघतंय. ही गोष्ट बाहेर बोलायची नाही, अशी तिच्याकडून लेखी हमी घेतली होती.

टाके पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुख कुंभोजकरांच्या टेबलापुढं उभी राहिली.

"मिस्टरांना सोबतसेवेत घ्याल का?"

कुंभोजकरांनी वर पाहिलं. "विचार केलाय ना, मॅडम? तुम्हाला सगळं माहिती असून?"

"त्यांच्या हाताला सहा टाके पडलेत, सर."

"घेतो. फक्त त्यांचं माणूस तुम्ही लिहायचं नाही."

तिनं मान हलवली. आणि तेवढंच पाळलं नाही. मल्लिनाथांसाठीचं माणूस लिहायचं काम ज्या सहकारी बाईकडं होतं, ती बाळंतपणाच्या रजेवर जाताच सुवर्णानं ते काम स्वतःकडं ओढून घेतलं. परक्या हातात नवरा द्यायला तिचा जीव होत नव्हता, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तिनं इंदुताई कोठावळे घडवल्या. मंगळवेढ्याच्या निवृत्त शिक्षिका, अठ्ठ्याहत्तरीच्या, एकट्या. गुडघे दुखतात, पण ज्वारीची भाकरी स्वतः थापतात. जराशा फटकळ. मल्लिनाथांना फटकळ माणसं आवडतात, हे तिला ठाऊक होतं.

महिन्याभरात घरात फरक दिसू लागला. मल्लिनाथ रोज दाढी करू लागले, इस्त्रीचा शर्ट घालू लागले. जिन्यात कुणी विचारलं, "काय बिराजदार, कुठं निघालात?" तर "ड्यूटीवर!" असं ते तळमजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. दंडावरचे दोन्ही आकडे सुधारले. सुवर्णा केंद्रात कानाला हेडफोन लावून त्या दिवसाचं संभाषण ऐकायची. ते तिचं कामच होतं.

आणि तिथं तिला एक अनोळखी माणूस भेटला.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगतो," मल्लिनाथ इंदुताईंना म्हणत होते, "शेवटच्या दिवशी मी सकाळपासून गाड्या पुकारत होतो. पाणीसुद्धा प्यायलो नाही. संध्याकाळी वायरमन आला अन् म्हणाला, साहेब, माईक सकाळीच तोडलाय. मी दिवसभर एका बंद खोलीत बोलत होतो, ताई. एकानंही येऊन सांगितलं नाही, कारण बाहेर कुणाला फरकच पडला नव्हता."

सुवर्णानं हेडफोन काढून ठेवला. त्या शेवटच्या दिवशी घरी येऊन मल्लिनाथांनी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं, "झालं बाबा, सुटलो एकदाचा."

हळूहळू बोलणं तिच्यावरही आलं. "बायको चांगली आहे. पण ती कामाला जाते, डबा झाकून ठेवते, अन् मी खानावळीत जेवल्यासारखा जेवतो. तिला काही मागायला लाज वाटायची मला. बोलायलासुद्धा."

त्या आठवड्यात सुवर्णानं इंदुताईंच्या तोंडी एक वाक्य घातलं: "अरे मल्लिनाथा, ती थकून येते, तर एक कप चहा करून दे की. लाज कसली त्यात?"

दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा चहा तयार होता. आलं जास्त झालेलं, साखर बेताची. मल्लिनाथ समोर बसून तिचा चेहरा बघत होते. "कसा झालाय?"

"फक्कड," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच या माणसानं आपल्यासाठी आपण होऊन काही केलं, असं क्षणभर तिला वाटून गेलं. मग आठवलं, हा चहा आपणच सांगितलेला आहे. तरी तिनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. पुढच्या आठवड्यात तिनं इंदुताईंकडून त्यांना सिद्धेश्वराच्या तळ्यावर बायकोला फिरायला न्यायला सांगितलं. ते घेऊन गेले. तळ्याच्या काठावर दोघं शेंगा खात बसली, आणि ती इतकी सुखात होती की तिला भीती वाटली.

भीती खरी ठरली, पण वेगळ्याच वाटेनं. गोष्ट रंगतदार ठेवण्यासाठी यंत्र अधूनमधून आपल्या मनानं प्रसंग घालायचं. एका शनिवारी इंदुताई न्हाणीत घसरून पडल्या. सुवर्णाची त्या दिवशी सुट्टी होती. मल्लिनाथ घरी आले तेच चप्पल न काढता.

"ताई पडल्यात. शेजारी कुणी बघायला नाही म्हणतात. उद्या जाऊन येतो मंगळवेढ्याला."

"असं जाता येत नाही हो," सुवर्णा म्हणाली. " नियमात बसत नाही. फोनवरच्या माणसाला भेटायचं नसतं."

"नियम गेले खड्ड्यात. बाई जमिनीवर पडून आहे अन् मी नियम बघू?"

"नोकरी जाईल तुमची."

मल्लिनाथ शांतपणे म्हणाले, "मग काय कामाची ती नोकरी?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. कुणासाठी तरी धावून निघालेल्या माणसाचं तेज. ते आपल्या हातानं विझवणं तिच्यानं झालं नाही. सकाळी तिनंच कडक भाकरी, शेंगाचटणी आणि हळदीचा लेप बांधून दिला. ते जिना उतरून गेले आणि ती दिवसभर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसून राहिली. तिकडं गेल्यावर काय दिसणार हे तिला माहीत होतं. गल्लीचं नाव तिनं खरं दिलं होतं, लहानपणी मावशीकडं जायची त्या गल्लीचं. घर मात्र तिनं कागदावरच बांधलं होतं.

संध्याकाळी ते परत आले. पिशवी रिकामी होती.

"भेटल्या का?" तिनं विचारलं.

मल्लिनाथांनी चप्पल नीट कोपऱ्यात ठेवली. "भेटल्या की. बऱ्या आहेत. भाकरी आवडली म्हणाल्या. तुला आशीर्वाद सांगितलाय."

ते हात धुवायला मोरीकडं गेले आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

सोमवारी केंद्रात तिनं हेडफोन लावला. इंदुताई रोजच्यासारख्या म्हणाल्या, "काय रे मल्लिनाथा, जेवलास का?"

मल्लिनाथांचा आवाज आला, पण तो स्टँडवरचा आवाज नव्हता.

"मी काल येऊन गेलो. सगळी गल्ली पालथी घातली. पोस्टमनच्या घरी विचारलं, शाळेच्या शिपायाला विचारलं. कोठावळे नावाचं तिथं कुणी नाही, कधी नव्हतं. भाकरी देवळापुढच्या म्हातारीला दिली." त्यांनी श्वास घेतला. "तुम्ही काय आहात ते मला कळलं. तुम्हाला कळतं का, ते माहीत नाही. एक करा. हे कुणाला दाखवू नका. माझ्या बायकोनं माझ्यासाठी शब्द टाकलाय. नवरा कामाला लागला म्हणून ती ताठ मानेनं चालते हल्ली. तिला हे कळता कामा नये. तुम्ही बोलत जा, मी ऐकत जाईन."

सुवर्णानं ध्वनिमुद्रण थांबवलं. ती उठली आणि कुंभोजकरांकडं गेली. कर्मचाऱ्याला खरं कळलं तर कळवायचं, असा नियम होता. नोकरी जाणार असेल तर जाऊ दे, निदान हे थांबेल, असं तिला वाटलं. त्यांची अट मोडून इंदुताई आपणच लिहिल्या, तेही तिनं सांगून टाकलं.

कुंभोजकरांनी उठून दार लोटून घेतलं. त्यांना राग आलेला दिसला नाही, ते थकलेले दिसले.

"मॅडम, सोबतसेवेतल्या निम्म्याहून जास्त लोकांना माहिती आहे. वर्षभरात कळतंच. कुणी चौकशी करतो, कुणाला बोलण्यावरून कळतं."

"मग ते सोडून का जात नाहीत?"

"जाऊन शून्य व्हायचं? घरी काय सांगायचं? म्हणून रोज येतात, ऐकतात, जातात. कायद्याला नोकरी लागते, ती आहे. सगळं नियमात आहे."

"आणि उपेक्षिन? ते चढतच राहणार त्यांचं."

"तो आकडा कोण बघतंय?" कुंभोजकर म्हणाले. "तुमचे मिस्टर राहतील कामावर. तुम्हाला मात्र दुसरीकडं टाकावं लागेल. एवढं तरी मला करू द्या."

त्या संध्याकाळी चहा तयार होता. सुवर्णानं कप हातात घेतला नाही.

"अहो, बसा. मला काहीतरी सांगायचंय."

मल्लिनाथ चटकन म्हणाले, "ताई आज खूप हसल्या बघ. पाय आता..."

"इंदुताई मी आहे."

तिनं सगळं सांगितलं. केंद्र, हमी, ओढून घेतलेलं काम, मावशीची गल्ली. त्यांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. रागावतील, कप फेकतील, घराबाहेर निघून जातील, यातल्या प्रत्येक गोष्टीची तिनं तयारी ठेवली होती.

"सगळं ऐकलंस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"तुझ्याबद्दल बोललो ते पण?"

"हो. पण मला त्याचा राग नाही हो. उलट..."

"हा चहा पण तूच सांगितलेला?"

तिला रडू आलं. तिनं मान हलवली.

मल्लिनाथांनी टेबलावरच्या कपाकडं पाहिलं. "मला वाटलं होतं, एवढं तरी मी केलं," ते म्हणाले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, आणि त्यात कडवटपणा नव्हता, खरोखरच काही सुचेनासं झालेल्या माणसाची अडचण होती, "जे बोलायचं होतं ते सगळं तिकडं बोलून झालं, सुवर्णा. आता घरात काय बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी ते ड्यूटीवर गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. सुवर्णाची बदली दुसऱ्या मजल्यावर झाली आणि इंदुताई कुणा नव्या मुलीकडं गेल्या. ती मुलगी एकदा कँटीनमध्ये भेटली. आपण कुणाशी बोलतोय हे तिला माहीत नव्हतं. म्हणाली, "एक काका आहेत माझ्याकडं. आवाज काय सुंदर! पण दिवसभर एकच शब्द. इंदुताई काहीही बोलू देत, हसू देत, रडू देत, हे आपले 'ऐकतोय' म्हणतात. मला त्यांचं काय करावं कळत नाही."

घरात चहा होत राहिला. फिरायला जाणं थांबलं. सुवर्णानं तऱ्हेतऱ्हेनं प्रयत्न केला. जुने फोटो काढले, मुद्दाम भांडण काढलं, एकदा यलगुलवारांना सांगून त्यांना कूलर पुन्हा बघायला बोलावून घ्यायला लावलं. मल्लिनाथ गेले, बघून आले. मे महिन्यात दंडावरची चकती बदलायची म्हणून ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. रोजगाराचा आकडा भरलेला होता, म्हणून त्यांचा नंबर लगेच लागला. डॉक्टर तरुण होता. त्यानं पहिला, उपेक्षिनाचा आकडा पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या, परत पाहिला.

"काका, तुम्ही कामावर आहात ना?"

"आहे की."

"मग हे इतकं कसं चढलंय? हृदयाला जपा बरं का. घरी कोण कोण असतं?"

"मी असते," सुवर्णा म्हणाली.

घरी आल्यावर ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. लिहून आणलेलं काही नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घातलेल्या त्या बाईला स्वतःचे शब्द सापडायला वेळ लागला.

"मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. "चहाला नको, कशालाच नको. कामावर असा नाहीतर नसा. नुसते हवे आहात. तुम्ही नसलात तर मी कुणाशी बोलू? ऐकताय ना?"

मल्लिनाथांनी तिच्याकडं पाहिलं. चेहरा प्रेमळ होता, सोशिक होता आणि थोडा पुढं झुकला होता. समोरच्याचं बोलणं मधे न तोडता शेवटपर्यंत ऐकायचं शिकलेल्या माणसाचा असतो तसा. ज्या आवाजावर एके काळी सोलापूरच्या गाड्या हलत, त्याच भरदार, स्वच्छ आवाजात ते म्हणाले,

"हो ताई. ऐकतोय."